खग्रास ग्रहणांतील मधमाशी

सायंकाळ झाली म्हणजे मधमाशी पोळ्याकडे परतते, यांत नवल नाहीं. उजेड हळूहळू ओसरतो, हवा गार होते. तिला आवराआवरीस अवकाश मिळतो. परंतु भर दिवसां, फुलाफुलांवरून काम चालू असतां, कोणी दिवा मालवावा तसा सूर्य नाहींसा झाला तर ती काय करील? कमळ मिटल्यामुळें आंत कोंडलेला भ्रमर संस्कृत कवींनीं पुष्कळ रंगविला आहे. खग्रासाचा काळोख मात्र इतका अल्पजीवी, कीं कमळालाहि मिटावयास सवड मिळूं नये.

३१ ऑगस्ट १९३२ रोजीं अमेरिकेच्या ईशान्य भागांत असें ग्रहण दिसलें. कीटकशास्त्रज्ञ विल्यम मॉर्टन व्हीलर व त्यांचे सहकारी यांनीं तेव्हां सामान्य लोकांकडूनहि निरीक्षणें मागविलीं. रातकिडे दिवसांच किरकिरूं लागले, मधमाशा पोळ्यांकडे परतल्या, असें लोकांनीं कळविलें. पण अशा हकीकतींवरून नेमका हिशेब लागत नाहीं. त्या दोन मिनिटांत आकाश सोडून फुलाकडे पाहणारा मनुष्य विरळाच!

२१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणांत मिसूरी विद्यापीठाच्या कँडेस गेलन यांनीं यावर नामी तोड काढली. डोळ्यांचें काम त्यांनीं कानांवर सोंपविलें. ऑरेगन, आयडाहो व मिसूरी या तीन राज्यांत, रहदारीपासून दूर, १६ ठिकाणीं फुलांजवळ चिमुकले ध्वनिग्राहक टांगले. या उद्योगांत ४०० हून अधिक माणसें होतीं, आणि त्यांत प्राथमिक शाळेचीं मुलेंहि होतीं. हें वाचून आमच्यांतील मास्तरास हेवा वाटला, हें कबूल केलें पाहिजे.

सूर्याची कोर बारीक होत गेली तरी गुणगुण चालूच होती. खग्रासाच्या अगदीं अलीकडे एकेक गुंजन लांबलें. संधिप्रकाशांत माशी जपून, सावकाश उडते, तसें. आणि खग्रास लागतांच सर्वत्र शांत! सोळा ठिकाणीं मिळून त्या अवधींत गुणगुण नोंदली गेली ती केवळ एक. सूर्याची कड दिसूं लागली आणि काम पुन्हां सुरू झालें. गारव्यानेंच हें घडतें तर गुणगुण क्रमाक्रमानें मंदावती. ती एकदम थांबली, त्या अर्थीं प्रकाशाचाच हा हुकूम असावा, असें आम्हांस वाटतें. थांबलेली माशी फुलावर बसली कीं घरीं गेली, तें मात्र ध्वनिग्राहकास दिसत नाहीं.

आमच्या देशांतहि १६ फेब्रुवारी १९८० रोजीं, दुपारीं साडेतीननंतर, कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून खग्रास ग्रहण आंत शिरलें. आम्ही त्या वेळीं शाळकरी वयांत, अंकोल्याजवळ मावशीच्या घरीं होतों. वेध पाळून, दारेंखिडक्या लावून सारीं माणसें जपास बसलेलीं. परसांतल्या फणसाच्या ढोलींत सातेरीचें पोळें होतें. फटींतला उजेड गेला आणि दोन-अडीच मिनिटांनीं परत आला, एवढेंच आम्हांस कळलें. तें पोळें गप्प झालें कीं नाहीं, हें वीस पावलांवर बसूनहि आम्हांस सांगतां येत नाहीं. बाहेर जाऊं का, असें मावशीला विचारण्याची छाती झाली नाहीं. आणि जपांत चित्त होतें, असेंहि नाहीं.

भारतांतून दिसणारें पुढील खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ चें, तेंहि दूर कारगिलच्या बाजूस. आमच्यानें तेथवर जाणें आतां कठीण. नातवाला तारीख मात्र लिहून दिली आहे.