चेनची कडी आणि गिटारची पेडलं

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी छोट्या धातूच्या डब्यांची एक रांग दिसते. एक डबा गिटारचा आवाज जाड, खरखरीत करतो, दुसरा त्याला लाटेसारखा फिरवतो, तिसरा त्याचा प्रतिध्वनी ऐकवतो. हीच इफेक्ट पेडलं. दोन्ही हात गिटारवर गुंतलेले असताना पायानं दाबून ती चालू-बंद करायची असतात, त्यामुळे ती जागची हलून चालत नाही. सुरुवातीच्या काळात कुणी याची फारशी फिकीर केली नाही. मॅस्ट्रो कंपनीचं फझ-टोन पेडल १९६२ साली बाजारात आलं, आणि त्या दशकात जिमी हेंड्रिक्ससारखा वादकही आपली दोन-तीन पेडलं सरळ स्टेजवर टेकवून वाजवत असे. पुढे पेडलांची आणि वायरींची गर्दी झाली, तशी सगळी पेडलं एका फळीवर पक्की बसवण्याची पद्धत पडली. या फळीला पेडलबोर्ड म्हणतात.

पेडलं फळीवर बसवायला बहुतेक वादक वेल्क्रो वापरतात. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये शिकारीहून परतताना आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं दिसली आणि त्यातून ही कल्पना सुचली. वेल्क्रोच्या आकड्यांची पकड चांगलीच असते. दगा देतो तो त्याच्या पाठीचा गोंद.

मराठवाड्यात हा गोंद फार छळतो. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशी गाठतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त गरम होतं. अशा उष्णतेत गोंद मऊ पडतो आणि पेडल पट्टीसकट हळूहळू सरकू लागतं. ते काढायला गेलं, तर आकडे फळीशी घट्ट राहतात आणि पट्टीच पेडलाच्या बुडापासून सुटते. मागे चिकट काळा थर उरतो, अनुक्रमांकाचं लेबलही फाटतं. मुंबईची ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन आता इथेच पेडलं बनवते, हे खरं. पण बॉस, एमएक्सआर, आयबानेझ यांची पेडलं बाहेरून येतात आणि महाग पडतात, म्हणून अनेक तरुण वादक जुनी पेडलं विकत घेतात आणि पुढे विकतात. बूड खराब झालेल्या पेडलाला भाव कमी मिळतो.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय वाद्यांच्या दुकानात शोधायची गरज नाही. संभाजीनगरच्या शहागंजात निजामकाळातला घड्याळाचा मनोरा आहे, सुमारे १७२० मध्ये बांधलेली मशीद आहे आणि तिच्याभोवती जुन्या शहराचा गजबजलेला बाजार आहे. अशा जुन्या पेठांच्या आसपास सायकल दुरुस्तीवाला आणि हार्डवेअरचं दुकान हमखास सापडतं. या कामाला तेवढे दोघे पुरेत.

सायकलवाल्याकडून चेनचा टाकाऊ तुकडा घ्यावा. चेनची पिन ठोकून काढली की कडीच्या बाहेरच्या पट्ट्या सुट्या होतात. इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराची, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, तिला दोन भोकं आणि त्यांच्या मध्यांमधलं अंतर अर्धा इंच. बहुतेक पेडलांच्या बुडाला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात. त्यातला एक काढायचा, पट्टीचं एक भोक तिथे ठेवायचं आणि तोच स्क्रू पुन्हा आवळायचा. दुसरं भोक पेडलाच्या कडेबाहेर येतं. त्यातून फळीत स्क्रू पिळला की काम झालं. लहान पेडलाला समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांत दोन पट्ट्या पुरतात, मोठ्याला चार लावाव्यात. या पद्धतीत गोंद लागत नाही आणि पेडलाला नवं भोकही पाडावं लागत नाही. विकायच्या वेळी पट्ट्या काढल्या की बूड पूर्वीसारखंच.

काही काळजी मात्र घ्यायलाच हवी. चेनचं जुनं ग्रीस डिझेलनं धुऊन काढावं, नाहीतर ते पेडलाला आणि हातांना लागत राहतं. फळी १८ मिलिमीटर प्लायची असली तर अर्धा इंची स्क्रू आरपार जात नाही. पट्टीच्या जाडीमुळे मूळचा स्क्रू आखूड पडला, तर किंचित लांब घ्यावा, पण तो आतल्या सर्किटला टेकणार नाही याची आधी खात्री करावी. वॉ-वॉ पेडलाचे रबरी पाय बहुधा स्क्रूनंच बसवलेले असतात. ते काढून त्याच स्क्रूंनी पट्ट्या आवळता येतात.

पेडलांची अदलाबदल वारंवार करणाऱ्यांनी केबल टाय वापरावेत. त्यासाठी भोकांची फळी लागते. गोदामांत आणि दुकानांत रॅक उभारायला वापरतात त्या स्लॉटेड अँगलचे तुकडे शेजारी-शेजारी बोल्टनं जोडले, की भोकांसकट तयार चौकट मिळते आणि वायरींनाही खालून वाट मिळते. टाय फक्त बटणांच्या आणि स्विचच्या आड येऊ देऊ नये. कारखानदारांनीही आपापल्या परीनं वाटा काढल्या आहेत. बार्सिलोनाची अक्लाम कंपनी रुळांवर सरकणाऱ्या पकडींनी पेडल कडेनं धरते. बॉसच्या बीसीबी-६० या पेटीत फोममध्ये पेडलाच्या मापाचे खाचे कापायचे असतात. थ्रीएमचं ड्युअल लॉक वेल्क्रोपेक्षा कितीतरी घट्ट धरतं, पण त्याच्याही पाठीला गोंदच असतो. चुंबकाची युक्ती सुचते खरी, मात्र बहुतेक पेडलांचे डबे ओतीव ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांना चुंबक धरत नाही.

ज्याला फळी पत्र्याचीच हवी, त्याच्यासाठी संभाजीनगर सोयीचं आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे पत्रा कापणारे, वाकवणारे कारागीर इथे जवळच मिळतात. नकाशा नीट काढून दिला तर एकाच पत्र्यात पेडलांची भोकं, वायरींच्या वाटा आणि हाताची मूठ, सगळं होतं.

बॅटरीवर वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ठरवावी. बॉसच्या छोट्या पेडलांची बॅटरी वरच्या झडपेखाली असते, त्यामुळे पेडल फळीवरून न काढता ती बदलता येते. एमएक्सआरच्या फेज ९० सारख्या पेडलाची बॅटरी मात्र बूड उघडल्याशिवाय हाती लागत नाही. अशी पेडलं चेनच्या पट्ट्यांनी कायमची बसवायची असतील, तर त्यांच्यासाठी ९ व्होल्टचा पॉवर सप्लाय आधीच घेऊन ठेवावा आणि त्याची जागा फळीखाली राखून मगच पहिला स्क्रू पिळावा.