जुना ट्रॅक्टर पाहावा घेऊन

(द्वितीय वर्ष, कला)

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील म्हणत आले. त्यांच्या काळी ट्रॅक्टर नव्हते, नाहीतर या म्हणीला तिसरा चरण जोडावा लागला असता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आणि त्यानंतरचे पाच-सहा रविवार मी आणि माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, एक जुना, मोडका, परंतु नीट होण्याजोगा ट्रॅक्टर शोधत धाराशिव जिल्ह्यात हिंडलो. वार्षिकांकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा मैत्रिणींनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. म्हणून जुना ट्रॅक्टर कसा पारखावा आणि त्यातून आपल्याला साजेसा कोणता हे कसे ठरवावे, एवढेच लिहिते. प्राध्यापक मंडळींना हा विषय वाङ्मयीन वाटणार नाही, त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम थोडी घरची हकीकत, कारण तिच्यावाचून पुढचे कळणार नाही. आमची अडीच एकर जिराईत जमीन. आबांनी तरुणपणी एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवला आणि पुढे बरीच वर्षे उमरग्याला एका गॅरेजात फिटरचे काम केले. दुसऱ्यांचे कितीतरी ट्रॅक्टर त्यांच्या हातांखालून गेले, स्वतःचा एकही झाला नाही. आता त्यांचे वय बाहत्तर. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याने धूसर दिसते, हाताला थोडा कंप आहे. शेवटची बैलजोडी विकली तेव्हाचे साठ हजार रुपये त्यांनी बाजूला ठेवले होते. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, “एखादा मोडका ट्रॅक्टर घिऊ. म्या न् ही पोरगी मिळून नीट करू.”

वडिलांनी विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्या पैशांत एखादी म्हैस आली असती आणि दूध पहिल्या दिवसापासून डेअरीला गेले असते. शेवटी दोन अटींवर परवानगी मिळाली. खरेदी आणि दुरुस्ती मिळून साठ हजारांवर एक रुपया जायचा नाही. आणि मृगाच्या आत आमच्या रानाला त्याच ट्रॅक्टरने पाळी घालून दाखवायची. नाही जमले तर ट्रॅक्टर भंगारात. मदतनीस म्हणून माझी निवड झाली ती काही माझ्या अंगच्या गुणांमुळे नव्हे. भाऊ पुण्याला कंपनीत आहे आणि घरात इंग्रजी अक्षर लावून वाचणारी मी एकटीच.

आता मूळ विषय. जुने ट्रॅक्टर सगळे सारखे नसतात. त्यांनाही कुळे आहेत. देशात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर म्हणून आयशरचे नाव घेतले जाते. तो १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. मूळ कल्पना जर्मनीतील बव्हेरियाच्या आयशर बंधूंची. त्यांची ख्याती हवेने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनांबद्दल होती. १९६५ पासून महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून बी-२७५ हे मॉडेल मुंबईत तयार होऊ लागले. ते मूळचे इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या कारखान्यातले. १९७१ मध्ये सरकारी एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे सहकार्य घेऊन पिंजोर येथे उत्पादन सुरू केले. १९७४ साली आलेला स्वराज ७२४ मात्र सर्वस्वी आपल्याकडचा; त्याचा आराखडा दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत तयार झाला होता. यांपैकी पहिली तीन कुळे आबांनी उघडून पाहिलेली होती, म्हणून आम्ही तेवढ्यांतच शोधायचे ठरवले. दोघांनीही कधी न उघडलेले यंत्र घेणे म्हणजे परक्या गावात रात्री वाट विचारण्यासारखे आहे.

पहिला ट्रॅक्टर नळदुर्गच्या बाजूला पाहिला. तो बी-२७५ होता, चार सिलिंडर, पस्तीस अश्वशक्तीचा. नवा लाल रंग मारलेला, आरशाला गोंडा. तरुणपणी आबांनी चालवला तो हाच. मालकाने बटण दाबताच इंजिन सुरू झाले. मी तर हरखून गेले. आबांनी मात्र आधीच बॉनेटखाली हात घालून पाहिले होते. “हे तापलेलं हाय. गार होऊ द्या, मग चालू करा,” असे म्हणून ते लिंबाखाली बसले. जुना ट्रॅक्टर विकणारा माणूस गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन चालवून तापवून ठेवतो, कारण गरम इंजिन सहज सुरू होते आणि त्याचे पुष्कळसे अवगुण झाकले जातात. थंड इंजिन खोटे बोलत नाही.

दीड तासाने आबांनी इंजिनाखालचा तेल सोडण्याचा बोल्ट किंचित सैल केला. तेल पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे तेलात पाणी शिरले असेल तर उभ्या इंजिनात ते तळाशी जाऊन बसते आणि बोल्ट सैल करताच प्रथम पाण्याचे थेंब येतात. येथे तसेच झाले. मग रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू करायला सांगितले, तर पाण्यात बुडबुडे येऊ लागले. याचा अर्थ सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरत होता. हेडचे पॅकिंग गेले असेल तर काम थोडक्यात भागते; ब्लॉकला चीर असेल तर मात्र भागत नाही. तापलेल्या इंजिनात घाईने थंड पाणी ओतले की बिडाला अशी चीर जाते. आबांनी बोटे फिरवत ब्लॉकच्या कडेला रंगाखाली दडलेली जुन्या सांध्याची रेघ शोधून काढली. ती मला डोळ्यांनी दिसली नव्हती, त्यांच्या बोटांना दिसली.

एवढे कळूनही ते सीटवर जाऊन बसले आणि बराच वेळ खाली उतरेनात. परतीच्या एसटीत म्हणाले, “घेतला तर काय हुतंय?” मी हिशेब मांडून दाखवला: ब्लॉकचे काम, चार लायनर, चार पिस्टन. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

धुराचेही येथेच सांगून टाकते. थंडीत सुरू होताना थोडा पांढरा धूर यायचाच. तो गरम झाल्यावरही थांबला नाही तर संशय घ्यावा. ओझे पडताच काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, नोझल किंवा हवेची चाळणी पाहावी. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जळते आहे, रिंगा झिजल्या. तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढल्यावर तेथून भसाभस धूर येत असेल तर मग धुराचा रंग पाहण्याचीही गरज नाही.

दुसरा ट्रॅक्टर उमरगा तालुक्यातला, एचएमटी २५११, दोन सिलिंडरचा आणि पंचवीस अश्वशक्तीचा. झेटरच्या त्या मालिकेतील लहानमोठ्या मॉडेलांचे बरेच भाग एकमेकांना चालतात, ही त्याची मोठी सोय. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला तरी सुटे भाग इतर कारखान्यांचे मिळतात. इंजिन ठीक होते. लिफ्टवर दगडांनी भरलेली पोती ठेवून ती उचलली आणि इंजिन बंद केले, तर पोती पाच मिनिटांत जमिनीवर आली. गिअरबॉक्सचे थोडे तेल हातावर घेतले, त्यात चमचमणारा कीस होता. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो आणि पितळेचा चिकटत नाही, त्यावरून आत काय झिजते आहे याचा अंदाज येतो. आबांच्या खिशात त्यासाठी जुन्या स्पीकरचे चुंबक असते. कीस चिकटला, म्हणजे गिअरचे दात झिजत होते. गिअरबॉक्स उघडायचा तर ट्रॅक्टर मधोमध दुभंगावा लागतो. ते एका म्हाताऱ्याचे आणि एका मुलीचे काम नव्हे.

शिवाय कागद. मालक वारलेले, चार वारस, त्यांपैकी एक मुंबईला. हस्तांतरासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे फॉर्म लागतात, त्यांवर मालकाची सही लागते. मालक नसेल तर वारसांची भानगड आधी मिटवावी लागते. आरसी बुकात बँकेच्या कर्जाची नोंद असेल तर ती कमी करण्यासाठी ३५ क्रमांकाचा फॉर्म. ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. हे सर्व मी आरटीओच्या फलकावरून उतरवून घेतले होते. चासीवरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहणे हे माझ्याकडचे काम. गंज तारेच्या ब्रशने काढून वर खडू घासला की ठोकलेली अक्षरे स्वच्छ वाचता येतात.

तिसरा कळंबच्या रस्त्याला, बाभळीखाली उभा होता. उभा म्हणण्यापेक्षा रुतलेला. त्याखाली शेळ्या बसलेल्या. जुना आयशर, एक सिलिंडर, पंचविसाच्या आसपास अश्वशक्ती. आपल्याकडे ट्रॅक्टर उन्हापावसात उभा करताना सायलेन्सरच्या तोंडावर तेलाचा रिकामा डबा पालथा घालतात; येथे तो नव्हता. म्हणजे कित्येक पावसाळे पाणी थेट आत गेलेले. इंजिन जाम होते. हँडलला आम्ही दोघे लोंबकळलो तरी तसूभर हलले नाही. मला वाटले, चला, आजचाही रविवार फुकट.

आबा मात्र खुशीत येऊन इंजिनाभोवती फिरू लागले. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या ट्रॅक्टरमध्ये बिघाड असणारच. ट्रॅक्टर निवडायचा नसतो, बिघाड निवडायचा असतो. जाम इंजिनाला लोक भितात आणि किंमत पाडतात. पण या इंजिनाला एकच सिलिंडर, तोही खालच्या भागापासून सुटा निघणारा. पाणी नाही, रेडिएटर नाही, त्यामुळे पाण्याने ब्लॉक फुटण्याचा प्रश्न नाही. सिलिंडरच्या अंगावर पत्र्यासारख्या कडा असतात आणि पंखा त्यांवर हवा फेकतो. त्या कडांत भुसा आणि ग्रीस बसू दिले नाही म्हणजे झाले. हेड मी एकटी उचलू शकते. बी-२७५चे हेड उचलायला दोन गडी लागले असते.

अवगुणही पाहिले. एका सिलिंडरचे इंजिन फार हादरे देते, म्हणून बसवणीचे बोल्ट आणि त्यांच्याभोवतीचे बीड तपासावे लागते. येथे दोन बोल्ट गेलेले होते, चीर नव्हती. गिअरचे तेल काळे परंतु कीस नसलेले. मागचे टायर चालण्याजोगे, पुढचा एक फाटलेला. टायरांकडे दुर्लक्ष करू नये. नव्या मागच्या जोडीची किंमत ऐकूनच आम्ही दोन ट्रॅक्टर पाहण्याचा विचार सोडला होता. लिफ्ट कशी आहे हे इंजिन चालल्याशिवाय कळणार नव्हते, तो धोका पत्करला. मालक हयात, कर्जाची नोंद नाही, नंबर जुळला. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ साली टॅफेकडे गेला, पण त्या नावाने ट्रॅक्टर आजही निघतात, त्यामुळे पिस्टन-रिंगा मिळण्याची आशा होती. अडतीस हजारांत सौदा ठरला.

खरे सांगायचे तर बी-२७५ आबांच्या मनातून गेला नाही. आयशर दारात आला त्या दिवशी ते त्याच्याशी आणि माझ्याशीही फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे पान्यांचा आवाज आला म्हणून उठले, तर ते हेडचे नट चाचपत बसलेले. “बघत काय बसलीस? बॅटरी धर.”

नोझल काढून त्या भोकातून पिस्टनवर डिझेल ओतले आणि नऊ दिवस रोज थोडे थोडे घालत राहिलो. मग हेड उतरवून पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके हलके ठोकले. लोखंडी हातोड्याने घाव घालणाऱ्याचा पिस्टन फुटतो. दहाव्या दिवशी तो बोटभर खाली सरकला. आबांनी मला हाक मारली नाही, नुसते हसले. डिझेल पंप मात्र आम्ही उघडला नाही. तो यंत्रावर लावून तपासणाऱ्याकडेच द्यावा. आबा त्याला अजून ‘मायको पंप’ म्हणतात, जरी मायको कंपनीचे नाव २००८ पासून बॉश झाले आहे.

कामाची वाटणी आपोआप झाली. आकडे, नंबर आणि सुट्या भागांचे इंग्रजी कॅटलॉग माझ्याकडे. नट किती आवळायचा आणि कोठे थांबायचे हे त्यांच्याकडे. व्हॉल्व्हमधील फट ते पोस्टकार्डाच्या जाडीवरून ठरवत असत. मी फीलर गेज विकत आणली. दोन्ही लावून पाहिली, फरक नगण्य होता. आबांना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांचे सांगणे मी एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवते. वही अर्थशास्त्राची होती.

सिलिंडर बोअर करायला सोलापूरला दिला आहे. आजवर खर्च एकूण सत्तेचाळीस हजार झाला, पुढचा टायर आणि लिफ्ट यांसाठी तेरा हजार उरले आहेत. मृग जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर निघतो आणि मधे माझी परीक्षा आहे. परवा कॉलेजातून घरी गेले तर वडिलांनी कोणाला न सांगता पंक्चरवाल्याला आणून मागच्या दोन्ही टायरांत हवा भरून घेतली होती.