६१७४ : व्यापाऱ्यांनीही ओळखावी अशी संख्या

व्यापारी बंधूंना संख्यांचा सहवास नवा नाही. भाव, वजन, अडत, हमाली व व्याज यांचे आकडे आपण प्रत्यही मांडतो. परंतु संख्येच्या अंगीही स्वतःचा स्वभाव असतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. अशा संख्यांत ६१७४ ही अग्रगण्य होय. मराठी शाळामास्तरांनी तिचा शोध लावला, म्हणून आम्हां निंबोल्याच्या धान्यव्यापाऱ्यांनाही तिचे अगत्य वाटावे.

श्री. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. बऱ्हाणपूरहून मुंबईस जाताना नाशिकनंतर लागणाऱ्या देवळाली गावी १९३० ते १९६२ पर्यंत ते शिक्षक होते. पदवीपलीकडे त्यांचे शिक्षण नव्हते. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला.

तो असा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. बाकीवर हीच कृती पुनःपुन्हा करावी. शून्य मात्र गाळू नये. सात वजाबाक्यांच्या आत किंवा सातव्या वजाबाकीस ६१७४ येतेच. शोधाचे वर्ष १९४९ हेच घेऊन पाहा :

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४; म्हणजे संख्या तेथेच स्थिरावते.

यामागे चमत्कार नाही. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, यांची बेरीज म्हणजेच बाकी. ६१७४ मध्ये हे फरक ६ व २ आहेत : ५९९४ + १८० = ६१७४. त्यामुळे पहिल्या वजाबाकीनंतर केवळ ५४ संख्या संभवतात. त्या सर्व पडताळल्या की सिद्धता पूर्ण होते.

९९९ आणि ९० या दोहोंस नवाने भाग जातो, म्हणून प्रत्येक बाकी नवाच्या पटीत असते. आपल्या कामाचे मर्म येथेच आहे. अंकांची अदलाबदल झाली, तर मूळ व चुकीच्या रकमेतील फरकास नवाने नेहमी भाग जातो. २७८३ ऐवजी २७३८ लिहिले गेले, तर फरक ४५. म्हणून तेरीज जुळेना आणि फरकास नवाने भाग गेला, तर प्रथम उलटसुलट अंकांचा शोध घ्यावा. अर्थात भाग गेल्याने तशीच चूक झाली असे सिद्ध होत नाही; शोधाची दिशा मात्र मिळते. यंत्र बेरीज अचूक करते, परंतु भरणाऱ्याने रक्कमच उलटी भरली तर ते निरुपाय ठरते.

कापरेकरांच्या कार्यास आपल्याकडील अनेक विद्वानांनी क्षुल्लक मानले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती जगभर झाली. १९८६ साली ते निवर्तले. आपल्या मुलांना ही वजाबाकी अवश्य करावयास द्यावी. आकड्यांची गोडी लागलेला मुलगा वा मुलगी पेढीचा हिशेब डोळे मिटून मान्य करणार नाही.