मोठ्यांचा 'सिंघम' चिमुकल्यांच्या हाती

महाशिवरात्रीला शिरड शहापूरहून औंढा नागनाथच्या यात्रेला गेले, की खेळण्यांच्या दुकानापुढे लेकरांचा हट्ट ठरलेला: टीव्हीवरच्या पोलिसासारखे पिस्तूल हवे!

हा पोलीस बहुधा 'लिटल सिंघम'. मूळ 'सिंघम' (2011) हा मोठ्यांचा मारधाडपट. 2018 मध्ये डिस्कव्हरी किड्सवर त्याचा बालावतार आला. मागोमाग 'गोलमाल' आणि 'दबंग'चीही कार्टून झाली. अमेरिकेत तर 1986 मध्येच 'रॅम्बो'चे कार्टून आले होते, खेळण्यांसकट.

कार्टूनमध्ये रक्त दिसत नाही, म्हणून पालक निर्धास्त असतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या 1963 मधील प्रयोगात काही मुलांनी मोठ्या माणसाला हवेच्या बाहुलीला बदडताना प्रत्यक्ष पाहिले, काहींनी फिल्मवर, तर काहींनी मांजराच्या वेशात, कार्टूनसारखे. तिन्ही गटांनी, काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा अधिक मारझोड केली. ती बाहुली मुळात मारण्यासाठीच असते, हा आक्षेप रास्तच. पण 1965 चा प्रयोग जास्त बोलका आहे: मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. कार्टूनच्या नायकाला शिक्षा कुठली? त्याला टाळ्याच मिळतात.

1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यात शिसे, धारदार कडा तपासल्या जातात. खेळण्यामागची गोष्ट नाही. ती आईबाबांनीच पाहायची. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्या तासात शेजारी बसून विचारावे, 'न मारता त्याला चोर कसा पकडता आला असता?'