आरसा आणि राखीव प्रत

हस्तलिखित पोथीची नक्कल पुरी झाली, की शेवटच्या पानावर लेखनिक पुष्कळदा एक विनवणी लिहून ठेवी : तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ह्या पोथीला जपावे. महिनोन्महिने बसून ज्याने एकेक अक्षर उतरविले, त्याला आपल्या श्रमाचे शत्रू नेमके ठाऊक असत. आज घरोघरी जो संग्रह वाढत आहे, तो छायाचित्रांचा आहे. आजीचा अखेरचा वाढदिवस, मुलाचे पहिले पाऊल, पाडलेल्या वाड्याचा दरवाजा हे सारे आता संगणकात किंवा मोबाइल फोनमध्ये साठविलेले असते. ह्या संग्रहाचे शत्रू कोणते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

चित्राचे आकडे

१९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स ह्या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. सुमारे पाच सेंटिमीटर बाजूच्या त्या चौरसाचे उभे व आडवे १७६ भाग पाडण्यात आले. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, एवढेच यंत्राने टिपले. अशा ३०,९७६ ठिपक्यांतून बाळाचा चेहरा सिद्ध झाला. आजच्या फोनमधील छायाचित्रात ठिपक्यांची संख्या कोटीच्या घरात असते आणि प्रत्येकाचा रंग अंकांनी सांगितलेला असतो. परंतु तत्त्व तेच आहे. अंकीय छायाचित्र म्हणजे आकड्यांची एक लांबलचक यादी होय.

ह्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कागदावरील छायाचित्राची नक्कल मुळाहून थोडी फिकी उतरते. आकड्यांची नक्कल मात्र मुळाशी तंतोतंत जुळते, आणि शंभरावी प्रतही पहिलीइतकीच अस्सल असते. दुसरी गोष्ट तितकी सुखाची नाही. जुना फोटो हळूहळू पिवळा पडतो, त्याच्या कडा झिजतात, तरी चेहरा ओळखू येतो. आकड्यांची यादी अशी हळूहळू म्हातारी होत नाही. ती बहुधा एकाएकी नाहीशी होते.

तबकडी आणि तिचे प्रतिबिंब

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. वाचन-लेखन करणारे टोक त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी ह्या अंतराच्या हजारो पट भरेल. एखादा धक्का किंवा धुळीचा कण तेथे घातक ठरतो. नव्या सॉलिड-स्टेट ड्राइव्हमध्ये हलणारे भाग नसतात. त्यांतील सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार साठविलेला असतो. परंतु पुनःपुन्हा लिहिल्याने हे कप्पेही झिजतात, आणि ड्राइव्ह दीर्घकाळ विजेवाचून पडून राहिल्यास त्यांतील भार गळू शकतो. सारांश, कोणतेही साधन चिरंजीव नाही.

ह्यावर एक उपाय म्हणजे आरशाची पद्धत. दोन डिस्क जोडावयाच्या आणि एकीवर जे लिहिले जाईल, ते त्याच वेळी दुसरीवरही लिहावयाचे. एक बंद पडली तरी दुसरी काम चालू ठेवते. नवी डिस्क बसविली, की तिच्यावर सारा मजकूर पुन्हा उतरतो. १९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्कांचा समूह विश्वासार्ह कसा करावा, ह्यावर प्रबंध मांडला. 'रेड' ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या रचनांपैकी आरसा ही सर्वांत सोपी रचना होय.

परंतु आरसा चूक आणि बरोबर यांत भेद करीत नाही. मालकाने चुकून छायाचित्र पुसले, तर ते दोन्ही डिस्कांवरून एकाच वेळी पुसले जाते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' ह्या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या वर देशांतील संगणकांत शिरून फायलींना कुलूप घातले. असा विषाणू आला, तर आरशातील प्रतही कुलूपबंद होते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. वीज, आग, पाणी आणि चोर दोघींना सारखेच गाठतात. यंत्राचा मृत्यू एवढ्या एकाच संकटावर आरसा हा तोडगा आहे.

घरी राहिलेली प्रत

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार ह्या संस्थेत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत होता. एके दिवशी संगणकाला चुकीची आज्ञा दिली गेली, आणि पात्रांच्या व दृश्यांच्या फायली पाहता पाहता पुसल्या जाऊ लागल्या. यंत्रात बिघाड नव्हता. ते आज्ञेचे पालन करीत होते. राखीव प्रती घेण्याची व्यवस्था होती, परंतु त्या तपासल्यावर कळले, की ती व्यवस्था काही काळापासून नीट चालतच नव्हती. काम वाचले ते गॅलिन सुसमन ह्या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. बाळाच्या जन्मानंतर त्या घरून काम करीत असत, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारीतून आणण्यात आला. नोव्हेंबर १९९९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

राखीव प्रत म्हणजे काय, हे ह्या प्रसंगातून उमगते. घरची प्रत दुसऱ्या जागी होती. ती काही दिवस आधीची होती, म्हणून ताजी चूक तिच्यापर्यंत पोहोचली नाही. आणि मुख्य म्हणजे, ती उघडून वाचता आली.

तीन, दोन, एक

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हाच विचार एका सुटसुटीत नियमात प्रचारात आणला. छायाचित्रांच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य घरांत पाणी शिरले. अशा वेळी संगणक आणि त्याशेजारच्या कपाटातील प्रत एकत्रच बुडते. दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवलेली डिस्क मात्र कोरडी राहते.

इंटरनेटवरील साठ्यालाही दूरची प्रत मानता येते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फोन आणि साठा एकमेकांशी सतत जुळवून ठेवलेले असतील, तर तोही आरसाच ठरतो : फोनवर पुसलेले चित्र तेथेही पुसले जाऊ शकते. आणि साठा सांभाळणाऱ्यांच्याही चुका होतात. सर्व्हर बदलताना तीन वर्षांहून जुनी छायाचित्रे, ध्वनिफिती व चित्रफिती हरवल्या असाव्यात, असे 'मायस्पेस' ह्या संकेतस्थळाने २०१९ मध्ये सांगितले. ज्यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती, त्यांना त्या परत मिळाल्या नाहीत.

प्रत बिनचूक आहे की नाही, हे ताडण्याचे साधनही गणितानेच दिले आहे. ग्रंथालयातील नव्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर तेरा अंकी क्रमांक असतो. त्यातील शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो. मध्ये एखादा अंक चुकीचा लिहिला, की हिशेब जुळत नाही. छायाचित्राच्या फाइलवरूनही अशीच एक पडताळा-संख्या काढता येते. मूळ आणि प्रत यांच्या संख्या जुळल्या, तर दोन्ही एकच आहेत असे मानण्यास हरकत नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची, ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीची किंवा घरातील वडीलधाऱ्यांची छायाचित्रे राखू पाहणाऱ्याला ह्यासाठी मोठा खर्च येत नाही. दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात. दर महिन्याला एकीवर प्रत उतरवून ती संगणकापासून सोडवून ठेवावी. दुसरी डिस्क अन्यत्र ठेवून वर्षातून दोन-तीनदा अद्ययावत करावी. काही वर्षांनी जुन्या डिस्कवरील मजकूर नव्या डिस्कवर न्यावा. आणि दिवाळीपूर्वी घर झाडताना ती दूरची डिस्क मागवून, तिच्यातील दहा-वीस चित्रे दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावीत. जी प्रत कधीच उघडून पाहिली नाही, तिच्या भरवशावर मूळ चित्र पुसण्याचे धाडस कोणीही करू नये.