हा पडला तो कोण?

मुलांनो, ‘बॉर्डर’ तुम्ही टीव्हीवर नक्की पाहिला असेल. जे. पी. दत्तांचा हा सिनेमा आला १९९७ साली. डिसेंबर १९७१ ची रात्र, राजस्थानातली लोंगेवालाची चौकी, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींचे जेमतेम १२० जवान आणि समोर रणगाडे! जैसलमेरची आपली हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती. म्हणजे उजाडेपर्यंत तग धरायचा. एक चौकी, एक रात्र. बघताना आपणही पहाटेची वाट बघत बसतो. (सिनेमात आपले पुष्कळ जवान पडतात, प्रत्यक्षात तिथे दोघे शहीद झाले. तेवढी मोकळीक त्यांनी घेतली खरी.)

त्याच दत्तांचा ‘एलओसी कारगिल’ डिसेंबर २००३ मध्ये लागला, तेव्हा मी भाच्याला घेऊन मोठ्या हौसेने गेले. सिनेमा सव्वाचार तासांचा! डोंगर चढायचा, गोळीबार, कुणीतरी पडायचं. पुन्हा दुसरी तुकडी, दुसरा डोंगर. सगळ्यांचे कपडे सारखे, डोक्यावर शिरस्त्राण. मध्येच भाच्याने विचारलं, “मावशी, आत्ता हा पडला तो कोण?”

मला सांगताच येईना. फार वाईट वाटलं हो. कारण तो पडलेला कुणी गोष्टीतला नव्हता, खराखुरा कुणाचा तरी मुलगा होता.

दत्तांचीही अडचण असणार. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. वगळायचं तरी कुणाला? पण मी वर्गात हजेरी भरभर घेतली, तर सगळी नावं येतात आणि चेहरा एकाचाही दिसत नाही, तसंच झालं हे.

परतताना मी भाच्याला एकट्या योगेंद्रसिंग यादवांची गोष्ट सांगितली. सिनेमात ते काम मनोज वाजपेयींनी केलंय, पण जुलै १९९९ मध्ये टायगर हिलचा तो उभा कडा चढताना खरे योगेंद्रसिंग होते फक्त १९ वर्षांचे! अंगात गोळ्या घुसल्या तरी दोर धरून वर गेले, शत्रूच्या बंकरवर हातगोळे टाकले. परमवीरचक्र जाहीर झालं ते आधी ‘मरणोत्तर’ म्हणून. आणि हे तर रुग्णालयात बरे होत होते!

भाचा थांबलाच. “म्हणजे ते आहेत?”

“आहेत तर! सैन्यातच आहेत.”

पुढे २०२१ मध्ये मानद कॅप्टन होऊन ते निवृत्त झाले, तेव्हा ती बातमी भाच्यानेच मला फोन करून सांगितली.