कठडा ओलांडणारं मूल आणि गावचं घर

गणपतीला किंवा मे महिन्यात देवगडला येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात हल्ली घडीची क्रिबही असते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तिचं काम चोख चाललेलं असतं. पण दीड-दोन वर्षांचं मूल एके दिवशी कठड्यावर पाय टाकतं, पोटावर तोल घेतं आणि पलीकडे डोक्याच्या बाजूने खाली येतं. एकदा जमलं की ते पुन्हा करणार, हे धरून चालायचं. त्यामुळे कठडा आणखी उंच कसा करता येईल, यापेक्षा मूल एकटं बाहेर पडलं तर त्याच्या हाताला आणि पायाला काय काय लागेल, याचा विचार आधी करायला हवा. फ्लॅटमध्ये बाहेर हॉल असतो. देवगडच्या घरात पडवी, खळं, न्हाणी आणि विहीर असते.

कठडा कधी अपुरा पडतो

बालरोगतज्ज्ञ दोन खुणा सांगतात. मुलाची उंची ३५ इंच, म्हणजे सुमारे ८९ सेंटिमीटर झाली, किंवा उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीपाशी किंवा त्याखाली येऊ लागला, की क्रिबचा काळ संपला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ८६-८७ सेंटिमीटर असते. म्हणजे दुसऱ्या वाढदिवसानंतर थोड्याच महिन्यांत बहुतेक मुलं या रेषेला पोचतात. काही मुलं मात्र दीड वर्षाचीच चढू लागतात. उंची कितीही असो, एक पाय कठड्यावर आलेला दिसला की त्याच दिवशी हालचाल करावी.

घाई कशासाठी? लहान मुलाचं डोकं बाकीच्या शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. तोल गेला की आधी डोकंच खाली जातं. चढणं जमतं, पण उतरताना पाय आधी सोडायचे हे त्या वयात अजून कळत नाही.

पाळणा आणि झोळी त्याहून आधी बंद

बारशाला सजवलेला पाळणा पुढे वर्षभर तसाच टांगलेला ठेवायची सवय अनेक घरांत आहे. हलता पाळणा उथळ असतो, आणि बाळ एका कडेला सरकलं की तोही तिकडे कलतो. बाळ कुशीवर वळू लागलं किंवा हातापायांवर उठू पाहू लागलं, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांचं झालं, की पाळणा काढून ठेवावा. साडीच्या झोळीत मान दुमडून हनुवटी छातीला टेकण्याचा धोका तान्हेपणापासूनच असतो. बसू लागलेलं बाळ झोळीत एकटं ठेवणं तर अजिबात नको, कारण साडीचा काठ किंवा दोरी मानेभोवती येऊ शकते. वासा, कडी आणि साखळी पावसाळ्याआधी एकदा ओढून बघावी, कारण खारी हवा लोखंड खाते.

क्रिब अजून वापरायची असेल तर

मुलाने अजून पाय वर टाकलेला नसेल तर काही महिने मिळवता येतात. गादीची पातळी सगळ्यात खाली आणावी. खरं तर बाळ आधार धरून उभं राहू लागलं तेव्हाच हे व्हायला हवं. उशा, मोठी बाहुली, जाड गोधडीची वळकटी बाहेर काढावी, कारण मूल त्यांचीच पायरी करतं. क्रिब खिडकी, पडद्याची दोरी आणि कपाट यांच्यापासून लांब ठेवावी. घडीच्या क्रिबमध्ये तिचीच पातळ गादी वापरावी. 'टोचत असेल गो' म्हणून आजीने खाली दुसरी गादी घातली की कठडा तेवढाच बुटका होतो, आणि गादी व जाळी यांच्यात तोंड अडकेल अशी फटही पडते.

कुणा नातेवाइकांकडून आलेली जुनी लाकडी क्रिब असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. एक बाजू वर-खाली सरकणारी असेल तर ती क्रिब वापरूच नये. ही सरकती बाजू निखळून मुलं अडकल्याच्या घटनांनंतर अमेरिकेने २०११ मध्ये अशा क्रिबच्या विक्रीवर बंदी आणली.

मूल बाहेर येऊ नये म्हणून क्रिबवर जाळी बांधणं, वर फळी टाकणं किंवा मुलाला ओढणीने बांधून ठेवणं, यांतलं काहीही करू नये. मूल त्यात गुरफटतं, आणि मग पडण्याच्या धोक्याच्या जागी गुदमरण्याचा धोका येतो.

गादी खाली, पण उघड्या जमिनीवर नको

पुढची पायरी म्हणजे बुटका बिछाना. परदेशी पुस्तकं सरळ सांगतात की गादी जमिनीवर घाला. पडायला उंचीच नसेल तर मूल पडणार कुठून? देवगडात मात्र हा सल्ला जसाच्या तसा घेता येत नाही. मण्यार हा रात्री फिरणारा विषारी साप घरात शिरून जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की झोपलेल्याला अनेकदा जागही येत नाही. कौलं, जांभा दगड आणि लाकडाच्या ढिगांत विंचूही असतात. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरायला सुरुवात केल्यापासून कोकणातलं या दंशाचं मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून इथे मधला मार्ग घ्यावा. वीतभर ते फूटभर उंचीचा दिवाण किंवा बुटकी खाट, एक बाजू भिंतीला अगदी चिकटवलेली, दुसऱ्या बाजूला जमिनीवर सतरंजीची घडी, आणि वरून मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचलेल्या हव्यात. नुसती लोंबती मच्छरदाणी डास अडवेल, साप अडवणार नाही, आणि तिच्या सैल घोळात मूल अडकेल ते वेगळंच. खाटेखाली नारळ, भाताची पोती, जुन्या टोपल्या ठेवू नयेत. तिथे उंदीर येतो आणि त्याच्या मागावर साप येतो. लहान मुलाला मोठ्यांच्या उंच पलंगावर मधे उशा लावून एकटं निजवणं हा उपाय नाही. उशा सरकतात, आणि पलंगावरून पडायची उंचीही कमी नसते.

आता खोली हाच कठडा

क्रिब गेली की मूल ज्या खोलीत झोपतं ती खोली सुरक्षित करायची. त्यासाठी एकदा खरोखर गुडघ्यांवर बसून खोलीत फिरावं. उभ्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी तिथून दिसतात: प्लगच्या उघड्या भोकांची रांग, टेबलावरून लोंबणारी चार्जरची वायर, कपाटाचा अर्धवट उघडा खालचा खण.

कपाट, फडताळ आणि टीव्ही भिंतीला पट्टीने किंवा स्क्रूने बांधावेत. उघडे खण म्हणजे मुलाला जिन्याच्या पायऱ्या वाटतात, आणि चढलेल्या मुलासकट कपाट पुढे येतं. खिडकीला गज असावेत, पण त्यांतलं अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा कमी. खिडकीखाली खाट, पेटी किंवा खुर्ची ठेवू नये. घरात ३० मिलिअँपिअरची गळतीरोधक वीजकळ (आरसीसीबी) बसवलेली आहे का, हे वायरमनला विचारावं.

दाराला बाहेरून कडी घालायचा मोह होतो, पण आग लागली किंवा मूल आत अडकलं तर ती कडीच घात करते. त्याऐवजी सुताराकडून कमरेएवढं अर्धं फाटक करून घ्यावं, उभ्या पट्ट्यांचं. आडव्या पट्ट्या असतील तर मूल शिडीसारखा पाय ठेवून वर जातं. दारात आडवा लावलेला पाट रांगत्या बाळाला थोपवतो, पण कठडा ओलांडणाऱ्या मुलापुढे त्याची डाळ शिजत नाही.

चाकांचा वॉकर मात्र नको. मूल आत बसून उंबऱ्याशी किंवा पायरीशी पोचतं आणि उलटतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणारा लाकडी पांगुळगाडा मूल मागे उभं राहून स्वतःच्या पायांनी ढकलतं, म्हणून तो बरा. तोही सपाट जमिनीवर आणि कुणीतरी जवळ असताना.

खोलीबाहेर काय असतं

सगळ्यात आधी पाणी. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडतं. बादलीत डोकं खाली गेलं की त्याला स्वतःला वर उचलता येत नाही, आणि ते ओरडतही नाही. उन्हाळ्यात देवगडात पाणी साठवावं लागतं, तेव्हा पिंपं, टब, घंघाळ यांवर जड झाकण हवं. न्हाणीचं दार वरच्या कडीने बंद ठेवावं. विहिरीचा कठडा मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत आणि वर लोखंडी जाळी, हे दोन्ही हवं. कठड्याशी टेकवून ठेवलेला पाट, दगड किंवा कळशी मुलाला वर चढायला पुरे. बागेतली कठडा नसलेली विहीर आणि कलमांच्या पाण्यासाठी खणलेला खड्डा यांना कुंपण घालावं.

दुसरं, बागायतीची औषधं. तुडतुडे, भुरी, करपा यांच्या फवारणीची औषधं आणि कल्टार पडवीत ठेवणं बंद करावं. कुलूप लावता येईल अशा वेगळ्या जागी ती ठेवावीत. उरलेलं औषध शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं ही सगळ्यात घातक सवय आहे, कारण मूल ती बाटली ओळखतं. मुलाने औषध किंवा रॉकेल प्यायलं तर ओकारी काढू नये. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ दारामागे लिहून ठेवावा.

तिसरं, तोंडात जाणाऱ्या वस्तू. फणसाची आठळी, चिंचोका, शेंगदाणा, अख्खा काजू घशात अडकू शकतात. सुकायला घातलेल्या काजूबीच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीक तोंड भाजतात. रिमोटमधला बटण सेल गिळला गेला तर दोन तासांतच अन्ननलिका जळू लागते, म्हणून त्यात वाट बघत बसायचं नसतं. मासेमारीचे गळ, आडाळी आणि कोयता उंचावर टांगावेत.

कोण बघतंय?

मे महिन्यात घर माणसांनी भरलेलं असतं आणि प्रत्येकाला वाटतं, मूल दुसऱ्या कुणाजवळ आहे. अपघात अशा वेळीच होतात. त्यावर उपाय फुकटचा आहे, राखण एका वेळी एकाचीच. आंबे पॅक करायला उठणाऱ्या काकीने विचारायचं, "झिलाक कोण बघता?" आणि कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, "माज्या नजरेत आसा." उत्तर आलं नाही तर काकीने उठू नये. दहा वर्षांच्या बहिणीला 'बघ' म्हणून सांगणं या हिशोबात धरायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बुडण्यापासून बचावासाठी शाळेआधीच्या वयाच्या मुलांना पाण्यापासून दूर, देखरेखीखाली ठेवणारी पाळणाघरं सुचवली आहेत. बांगलादेशात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. आपल्या अंगणवाडीत शाळापूर्व वर्ग तीन वर्षांनंतर सुरू होतो, आणि चढणारं मूल त्याआधीचं असतं. म्हणून कलमांच्या हंगामात आणि भातलावणीत दोन-तीन घरांनी मिळून एका माणसाला बागेतल्या कामातून मोकळं ठेवणं शहाणपणाचं.

रात्री उठून फिरू लागलं तर

नव्या बिछान्याचे पहिले काही दिवस मूल वारंवार उठतं. रागवू नये, गप्पा मारू नयेत, दिवा लावू नये. हात धरून परत निजवावं, दर वेळी त्याच पद्धतीने. झोपण्याआधीचा क्रम मुंबईत आणि गावात एकच ठेवावा: जेवण, हातपाय धुणं, गोष्ट, अंथरूण. घरातली सगळी माणसं अकरापर्यंत जागी म्हणून मूलही जागं, असं झालं की ते दमतं, चिडतं आणि पहाटे एकटं उठतं. मागच्या दाराची वरची कडी रात्री घालणं हे एका ठरलेल्या माणसाचं काम असावं. मोठ्यांना ती आतून सहज काढता यायला हवी.

पडलंच तर

पडल्यावर मूल लगेच रडलं, कुशीत घेतल्यावर शांत झालं आणि पुन्हा खेळू लागलं तर बहुधा काळजीचं नसतं. टेंगळावर गार पाण्याचा कपडा धरावा आणि पुढचे २४ तास लक्ष ठेवावं. पुढीलपैकी काहीही दिसलं तर मात्र थांबू नये: क्षणभरही शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या, झटका, उठवूनही न उठणारी गुंगी, नाकाकानातून रक्त किंवा पाणी, एक हात-पाय न हलवणं, डोक्याच्या मागे किंवा बाजूला मऊ सूज. दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडलं असेल तर लक्षणं नसतानाही डॉक्टरांना दाखवावं.

सापाच्या किंवा विंचवाच्या दंशात चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. पहाटे मुलाचं पोट दुखतंय, पापण्या जड पडताहेत आणि कारण सापडत नाही, तर मण्यारीचा संशय धरावा. १०८ ला फोन करून देवगडचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. तिथून पुढे ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठावं लागलं तर घाटवळणांचा वेळ जातो. म्हणून पुढे पाठवायचं का, हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला विचारावं.

गावी निघण्याच्या आधी आजी-आजोबांना एक फोन करावा. मच्छरदाणी लावून ठेवा, विहिरीची जाळी बघा, फवारणीचं औषध पडवीतून हलवा. ही तीन कामं झाली असतील तर घडीची क्रिब मुंबईतच राहिली तरी चालेल.